वाचकांचे प्रश्न: क्वेसारचा रोजचा आलेख

प्रश्न: ३सी २७९ या क्वेसारच्या (दूरच्या आकाशगंगेच्या अतितेजस्वी गाभ्याच्या) चमकेचा, गॅमा किरण टिपणाऱ्या फर्मी अवकाश दुर्बिणीच्या डेटावरून रोजचा आलेख काढला. निम्म्या बिंदूंच्या जागी नुसत्या ‘वरच्या मर्यादा’ (चमक याहून जास्त नाही, एवढंच सांगणारे आकडे) आल्या. चुकलं कुठे? – एमएस्सीचा विद्यार्थी, मुलुंड

उत्तर: बहुधा कुठेच नाही. क्वेसार शांत असताना दिवसभरात हाती लागणारे फोटॉन फारच कमी असतात. टीएस (संकेत खरा असल्याची खात्री मोजणारा आकडा) ९ च्या खाली गेला की तो बिंदू मोजमाप म्हणून धरू नका. शांत काळात ७ दिवसांचा गट घ्या, भडका उडाला की १ दिवसाचा किंवा त्याहून लहान. जून २०१५ च्या भडक्यात याच क्वेसारची चमक काही मिनिटांत बदलली होती, ते आठवड्याच्या गटात पार पुसलं जातं.

ऑक्टोबरचे बिंदू मात्र नीट तपासा. दरवर्षी ८ ऑक्टोबरच्या सुमारास सूर्य या क्वेसारवरून सरकतो, आणि सूर्यही गॅमा किरण देतो. ते दिवस गाळाच. दृश्य प्रकाशाची निरीक्षणंही तेव्हा नसतात.

दृश्य प्रकाश सिंक्रोट्रॉनचा (चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांचा), गॅमा बहुतेक इन्व्हर्स कॉम्प्टनचा (इलेक्ट्रॉनांनी फोटॉनना धडकून ऊर्जा दिल्याचा). इलेक्ट्रॉन तेच, म्हणून दोन्ही अनेकदा जोडीने वाढतात, नेहमी नाही. त्यामुळे वर्णपटासाठी (कोणत्या ऊर्जेला किती चमक, याच्या आलेखासाठी) एकाच दिवसाचे आकडे घ्या. सोमवारचा गॅमा आणि शुक्रवारचा एक्स-रे जोडलात, तर मॉडेल जुळेल, पण तसा क्वेसार कधी अस्तित्वातच नसेल.

चमक किती लवकर बदलते, त्यावरून उगमाच्या आकाराचा अंदाजही येतो. चमक एका दिवसात दुप्पट झाली, तर प्रकाशाने दिवसात कापलेलं अंतर २,६०० कोटी किमी. डॉप्लर घटक (झोत आपल्याकडे वेगाने येत असल्याने बदल किती पट जलद दिसतात तो आकडा) २० धरून, १.५३६ ने (१ अधिक या क्वेसारचा रेडशिफ्ट, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाने प्रकाश ताणला जाण्याचं माप) भागून, उगमाचा आकार जास्तीत जास्त ३४,००० कोटी किमी.