नोंद १० जणांची, मुक्काम १४ जणांचा

प्रश्न, थोडक्यात: थीम पार्क पाहायला आम्ही घरचे १४ जण गेलो, ११ मोठे, ३ मुलं. हॉटेलच्या चार-पाच खोल्या परवडेनात, म्हणून पार्कजवळचा अख्खा बंगला ॲपवरून ५ रात्रींसाठी घेतला. १० जणांपर्यंत एकच भाडं आणि पुढे माणशी जादा आकार होता, म्हणून जावयांनी बुकिंगमध्ये १० चा आकडा टाकला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पार्कमधून परतलो, तर मालकाने माणसं जास्त आहेत म्हणून सामानासकट बाहेर काढलं. उरलेल्या ४ रात्रींचं भाडं आणि अनामत, दोन्ही ठेवून घेतलं. याला दीड वर्ष झालं. पैसे परत मिळतील का?

उत्तर: असं पत्र दर सुट्टीनंतर येतं. घर बदलतं, पार्क बदलतो, आकड्याची लबाडी मात्र तीच. तुमच्या चार पानी पत्रात तलावातलं शेवाळं आहे, बंद पडलेला एसी आहे, मालकाची अर्वाच्य भाषा आहे. ते सगळं मी बाजूला ठेवतो. फोटो काढले असतील तर जोडा, नसतील तर त्यावर वेळ घालवू नका.

तुमचं प्रकरण उभं राहणार की पडणार, हे अटींमधल्या एका कलमावर ठरेल. तुम्ही त्याचा स्क्रीनशॉट पाठवलात हे बरं केलंत: नोंदवलेल्या संख्येपेक्षा जास्त व्यक्ती आढळल्यास बुकिंग रद्द होईल, कोणतीही रक्कम परत मिळणार नाही, आणि ५ वर्षांवरचं मूल पूर्ण व्यक्ती धरलं जाईल. जावयांनी हे न वाचताच 'मान्य आहे'वर टिचकी मारली, असं तुम्ही लिहिता. कायद्याच्या दृष्टीने त्यांनी ते वाचलंच. माणशी आकार वाचवायला १० लिहायचे आणि १४ जणांनी जायचं, याला घरात हुशारी म्हणत असतील. ग्राहक आयोगासमोर समोरचा वकील याला फसवणूक म्हणेल आणि तुम्हाला मान खाली घालावी लागेल.

आता तिसऱ्या पानावरची ओळ. तुम्ही सहज, कंसात लिहिली आहे: 'आदल्या दिवशी मालकाने मोठ्यांची ओळखपत्रं मागवली, तीही भाच्याने व्हॉट्सॲपवर पाठवली, मग उरलेले पैसे भरले.' अहो, हीच तर तुमची केस! मोठे ११, म्हणजे ओळखपत्रंही ११. नोंद १० ची असताना ११ माणसांचे चेहरे मालकाच्या फोनवर पोचले, आणि त्यानंतर त्याने उरलेलं भाडं स्वीकारलं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ६३ प्रमाणे आपल्याला मिळायचं वचन माणूस आपणहून सोडून देऊ शकतो. आधी वागणुकीने होकार द्यायचा आणि नंतर उलटायचं, हेही कायद्याला चालत नाही. माहीत असून पैसे घेतले, पहिली रात्र राहू दिलं, मग दुसऱ्या रात्री अट आठवली, असं तुम्हाला मांडता येईल.

पण हे हमखास चालेल असं मी म्हणणार नाही. मालक म्हणेल, ओळखपत्रं नुसती नोंदवहीसाठी होती, मोजतंय कोण. मुलांबद्दल तर त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, असंही म्हणेल, आणि ते खरं असेल. केअरटेकरने रात्री चार गाद्या जास्त काढून दिल्या, ही गोष्ट कामाची आहे; पण तो मालकाचा माणूस, तो तुमच्या बाजूने बोलेल यावर विसंबू नका.

म्हणून दुसरा मुद्दा तयार ठेवा, तो माझ्या मते जास्त पक्का आहे. अट तुम्ही मोडली असं धरलं, तरी मालकाला ठेवता येणार किती? करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी ती फक्त वरची मर्यादा. मिळायची ती त्या मर्यादेतली वाजवी भरपाई. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेहचंद प्रकरणात आणि २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात हे सविस्तर सांगितलं आहे: नुकसान सिद्ध करता येण्यासारखं असेल तर ते सिद्ध करावं लागतं. तुमच्या मालकाचं नुकसान त्याने स्वतःच छापून ठेवलंय. अटींच्या त्याच पानावर जादा माणसाचा दर आहे. चार माणसं गुणिले तो दर, बहुतेक तेवढंच. त्यासाठी ४ रात्रींचं भाडं अधिक अनामत गिळणं कोणत्या हिशेबात बसतं, हे त्याला सांगू द्या. बंगला त्या रात्रींसाठी दुसऱ्याला दिला असेल तर त्याची बाजू आणखी लंगडी होते. त्या दिवसांची बुकिंगची नोंद सादर करायला लावा, अशी विनंती आयोगाला करा.

तक्रार लिहिताना एक चूक टाळा. इंटरनेटवरचे नमुने पाहून लोक सर्रास 'अनुचित करार' असा शब्द घालतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने ही नवी संज्ञा आणली, अवाच्या सवा दंड त्यात येतोही. पण अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही, ती राज्य आयोगाकडे जाते. तुमची रक्कम पाहता तिथवर जाण्यात अर्थ नाही. 'सेवेतील त्रुटी' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' या दोनच गोष्टींवर जिल्ह्यात तक्रार करा. बंगला दुसऱ्या राज्यात आहे म्हणून तिकडे खेटे घालायची गरज नाही. कलम ३४ प्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगात तक्रार करता येते. सेवेपोटी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. अर्जदार म्हणून जावयांचं नाव घाला, बुकिंग आणि पैसे त्यांचे आहेत.

ॲपच्या कंपनीलाही पक्षकार करा. ती मध्यस्थ म्हणून हात झटकेल, आणि कदाचित सुटेलही. पण अटींचा मजकूर आणि पैशांचा हिशेब तिच्याकडे आहे. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तुम्हाला कंपनीकडून तीन वेळा एकच छापील उत्तर आलंय, ती तिन्ही जोडा.

दीड वर्ष तुम्ही काय करत होता, हे विचारल्याशिवाय राहवत नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे (ग्राहक कायद्याचं कलम ६९), आणि ती मालकाने बाहेर काढलं त्या दिवसापासून मोजतात. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन केला, ईमेल पाठवले, वकिलाची नोटीस धाडली, यांतल्या कशानेही मुदत वाढत नाही. उशीर माफ करण्याची तरतूद आहे, पण 'कंपनी उत्तर देईल असं वाटलं' हे कारण आयोगापुढे क्वचितच टिकतं. नोटीस पाठवायची तर १५ दिवसांची द्या आणि सोळाव्या दिवशी दाखल करा. समोरच्याला आयोगाची नोटीस मिळाल्यापासून निकाल ३ महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. मी वकिली करतो, त्यामुळे या वाक्यावर हसायची मला सवय आहे. तारखा पडतील, मालकाचा वकील मुदत मागेल. मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर झटकू नका. जादा माणसांचा आकार वजा करून बाकी परत, एवढ्यावर मिटत असेल तर मिटवा.

त्या रात्री घेतलेल्या हॉटेलचं बिल मागा, पण मिळेलच असं धरून चालू नका. मनस्तापाची रक्कम आकाशाला भिडणारी लिहू नका, आकड्याच्या बाबतीत तुमची पत आधीच कमी आहे.

तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात स्वच्छ लिहा की आम्ही १४ जण होतो, नोंद १० ची केली आणि चार माणसांचा जादा आकार द्यायला आजही तयार आहोत. तक्रारीसोबत शपथपत्र जातं. तिथे 'चौघं नुसते भेटायला आले होते' अशी गोष्ट रचलीत, तर ती ११ ओळखपत्रंच तुमच्यावर उलटतील.

आता भाच्याचा फोन. तो त्याने बदलला, विकला किंवा चॅट पुसलं असेल तर वरचं अर्धं उत्तर वाया गेलं. आजच ते संभाषण तारीख-वेळेसकट निर्यात करून घ्या, पैसे भरल्याची बँकेची नोंद त्याच्या शेजारी ठेवा आणि भाच्याच्या आणि तज्ज्ञाच्या सहीने भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडा. कलमाचा आकडा करार कायद्यातल्यासारखाच आहे, टंकलेखकाला दोन्ही वेगवेगळे समजावून सांगा.

पुढच्या वर्षी पुन्हा एवढेच जण जायचं म्हणता. खरी संख्या, मुलांच्या वयासकट, बुकिंगमध्येच टाका आणि मग दरमाणशी हिशेब करा. जादा आकार धरूनही अख्खं घर स्वस्त पडलं तर घ्या. नाही तर शेजारशेजारची दोन लहान घरं पाहा. मालक फोनवर 'या हो, बघू' म्हणाला, तर तेवढंच वाक्य ॲपच्या चॅटमध्ये लिहून मागा.