साठीनंतर पोहण्याचा सराव करणाऱ्या शाकाहारी माणसाने ताकद टिकवण्यासाठी काय खावे?

तुम्ही लिहिले आहे की तुमचे वय ६३, वजन ६८ किलो, आहार पूर्ण शाकाहारी, आणि मास्टर्स गटातील २०० मीटर फ्रीस्टाइलसाठी तुम्ही आठवड्यातून पाच दिवस सुमारे दीड किलोमीटर पोहता. दम पुरतो, पण शेवटच्या ५० मीटरला हात जड होतात, मांड्याही बारीक झाल्यासारख्या वाटतात. त्यामुळे प्रोटीन पावडर सुरू करावी का, असा तुमचा प्रश्न आहे.

मी डॉक्टर नाही. भुसावळला राहतो, वय ६६, पाठीला वाळलेला भोपळा बांधून तापीत पोहायला शिकलेल्या पिढीतला. तुम्ही सांगता त्याच अवस्थेतून मी स्वतः गेलो आहे, म्हणून लिहितो. एकोणसाठाव्या वर्षी स्पर्धेची तयारी सुरू केली तेव्हा वजन कमी झाले की वेग वाढेल, अशा समजुतीने मी रात्रीचे जेवण फळे आणि कपभर दुधावर आणले. पाच महिन्यांत ७४ किलोवरून ६७ वर आलो आणि भेटेल त्याला पोट दाखवत फिरलो. मग एके दिवशी सराव संपल्यावर नेहमीप्रमाणे तलावाच्या काठावर दोन्ही तळहात टेकून अंग वर उचलायला गेलो, तर कोपर थरथरले आणि मी पुन्हा पाण्यात. दुसऱ्यांदाही तेच झाले. शेवटी शिडीकडे गेलो. चरबीबरोबर स्नायूही उतरले होते, हे तेव्हा कळले.

साठीनंतरचे स्नायू प्रथिनांच्या बाबतीत मंद होतात. तरुण माणसाच्या स्नायूंची बांधणी एका जेवणातल्या, किलोमागे साधारण पाव ग्रॅम प्रथिनांनी पुरेशी चालू होते, तर उतारवयात त्याच कामाला किलोमागे सुमारे ०.४ ग्रॅम लागतात. तुमच्या वजनाला हा आकडा जेवणागणिक २७ ग्रॅमच्या आसपास येतो. दिवसाचा विचार केला, तर भारतातील प्रौढांसाठीची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, पण नियमित व्यायाम करणाऱ्या ज्येष्ठांना १.२ ग्रॅम किंवा थोडे अधिक, म्हणजे तुम्हाला ८० ते ८५ ग्रॅम हवेत. शिवाय ही प्रथिने तीन वेळांत विभागलेली असावीत. आपल्याकडे सकाळी चहा-टोस्ट किंवा पोहे, दुपारी भाकरीबरोबर पातळ वरण आणि सगळा जोर रात्रीच्या जेवणावर असतो, त्यामुळे सराव सकाळी आणि बांधणीचा माल रात्री अशी उलटी गाडी चालते.

गंमत अशी की ज्या दोन गोष्टींसाठी आमचा जळगाव जिल्हा ओळखला जातो, त्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण प्रथिनांच्या हिशेबात दोन्ही जवळपास शून्य आहेत. मध्यम केळ्यात जेमतेम सव्वा ग्रॅम. केळ्याचा उपयोग नाही असे नव्हे, त्यातील सुमारे २५ ग्रॅम कर्बोदके सरावाआधी पाऊण तास फार चांगली कामी येतात. फक्त पोहून आल्यावर दोन केळी खाल्ली म्हणजे स्नायूंची सोय झाली, असे मानू नका.

आपल्या स्वयंपाकघरात याचे उत्तर आधीच आहे आणि ते म्हणजे कळण्याची भाकरी. चार भाग ज्वारी आणि एक भाग उडीद एकत्र दळले, तर शंभर ग्रॅम पिठात साडेबारा ग्रॅमच्या आसपास प्रथिने येतात. नुसत्या ज्वारीपेक्षा हा आकडा थोडाच मोठा आहे, पण खरा फरक प्रतीचा आहे. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, कमी असते आणि उडदात ते भरपूर असते. उडदात जे कमी पडते, ते ज्वारी भरून काढते. प्रत्येकी ऐंशी ग्रॅम पिठाच्या दोन भाकरींतून २० ग्रॅम प्रथिने मिळतात, सोबत मोठी वाटी दही घेतले की दुपारचा हिशेब पुरा होतो, आणि मग भरीत हवे तेवढे खा. न्याहारीला ५० ग्रॅम कोरडी मटकी मोड आणून वाफवलेली, मूठभर शेंगदाणे आणि मोठा पेला दूध, एवढ्यात २७ ग्रॅम होतात. मी हीच न्याहारी तलावावरून आल्यावर तासाभरात करतो. रात्री उडदाची घोटलेली डाळ घट्ट ठेवा, कारण पातळ वरणाच्या वाटीत डाळ जेमतेम २० ते २५ ग्रॅम असते आणि बाकी पाणीच असते. तिच्या जोडीला थोडे पनीर किंवा सोयाबीनच्या वड्या घ्या. शेवभाजीत बेसन असते हे खरे, पण तर्री किती असते तेही आपण जाणतोच.

उपवासाच्या दिवशी साबुदाणा हा केवळ पिष्ट आहे. त्या दिवशी भगर, शेंगदाण्याची आमटी आणि ताक घ्या आणि सराव हलका ठेवा.

मात्र हे सगळे खाऊनही मांड्या भरणार नाहीत, जर तुम्ही फक्त पोहतच राहिलात. पाणी शरीराचा बहुतेक भार उचलून धरते. सांध्यांना ते सुखाचे असले, तरी पाय आणि हाडे यांना हवा तो ताण त्यात मिळत नाही. वयानुसार आधी झिजतात ते स्नायूंमधले झटक्याने जोर लावणारे जलद तंतू, आणि भिंतीला पाय लावून वळण घेताना तेच लागतात. २५ मीटरच्या तलावात २०० मीटरला सात वळणे येतात. तुमचे हात शेवटी जड होतात, त्याचे एक कारण पायांनी प्रत्येक वळणावर टाकलेले काम हातांवर येणे हे असू शकते.

म्हणून आठवड्यातून दोन दिवस, मध्ये निदान एक दिवस सोडून, जमिनीवर वजनाचा व्यायाम करा. खुर्चीवरून उठणे-बसणे, मग हातात डंबेल घेऊन तेच, पायरीवर चढणे, दंडाच्या ओढीचा एखादा व्यायाम, आणि खांद्याच्या मागच्या लहान स्नायूंसाठी रबरी पट्टा बाहेरच्या दिशेने ताणणे, कारण पोहणाऱ्याचे खांदे पुढे ओढले जातात आणि दुखणे तिथूनच सुरू होते. वजन इतके असावे की आठ ते बारा वेळा उचलता येईल आणि शेवटचे दोन कठीण जातील. श्वास रोखू नका, विशेषतः रक्तदाब असेल तर. वय झाले म्हणून उपयोग नाही, असे कोणी म्हटले तर १९९० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगा: ८६ ते ९६ वर्षांच्या वृद्धाश्रमवासीयांनी आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम केला आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

सुरुवातीला स्वतःची एक नोंद करून ठेवा. हात छातीवर घडी घालून खुर्चीवरून पाच वेळा उठा-बसा आणि घड्याळ लावा. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांनुसार १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर हालचालींची क्षमता कमी समजतात. महिन्याने पुन्हा मोजा.

आता पावडरीबद्दल. व्हे पावडर हे दुधाचेच प्रथिन आहे. न्याहारी जमतच नसेल, तर एक चमचा घ्यायला हरकत नाही, पण जेवण सुधारण्याआधी ती विकत घेऊ नका. त्याआधी रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्या, कारण मूत्रपिंडाचा विकार असल्यास वरचे सगळे आकडे तुम्हाला लागू होत नाहीत आणि प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचे असते. त्याच वेळी बी-१२ आणि ड जीवनसत्त्वही पाहा. शाकाहारी माणसात बी-१२ कमी असणे फार सर्रास आढळते आणि थकवा त्यामुळेही येतो.

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. पाण्यात घाम येतो तो दिसत नाही आणि या वयात तहानही उशिरा लागते. सरावाआधी आणि नंतर वजन करा. अर्धा किलो उतरले असेल, तर अर्धा लिटरहून थोडे जास्त पाणी किंवा ताक हळूहळू प्या.

स्पर्धेच्या आठवड्यात काहीही नवे खाऊ नका, आणि वरण-बट्टीचा बेत शर्यत झाल्यावरच ठेवा. मी एकदा आदल्या रात्री पाच बट्ट्या खाऊन पाण्यात उतरलो होतो. वेळ काय लागली, ते इथे लिहीत नाही.