संगणकाला बोलतं करणारं घशाचं मॉडेल म्हणजे रेकॉर्डिंगचे तुकडे जोडणंच ना?

नाही हो. तुकडे जोडून बोलणारी यंत्रणा वेगळी. सोलापूर स्टेशनवर गाडी येत असल्याची जी घोषणा कानावर पडते, ती त्या जातीची. घशाच्या मॉडेलमध्ये कुणाचाच आवाज भरलेला नसतो. फुफ्फुसातल्या हवेचा दाब, स्वरतंतूंचं कंपन आणि तोंडाच्या पोकळीचा आकार एवढं द्यायचं. ओठांतून कसली लहर बाहेर पडेल ते गणित सांगतं.

मी इथे कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे माझी गाडी बारावीच्या अनुनाद नळीवरूनच सुटते. पुरुषाच्या स्वरतंतूंपासून ओठांपर्यंत साधारण 17.5 सेमी अंतर. एक टोक बंद, दुसरं उघडं. ध्वनीचा वेग सेकंदाला 350 मीटर धरा, अनुनाद, म्हणजे नळी जिथे जोरात घुमते त्या वारंवारता, 500, 1500 आणि 2500 हर्ट्झला मिळतात. सगळीकडे सारख्या रुंदीच्या अशा नळीतून ‘अ’च्या जवळपासचा स्वर निघतो. जीभ पुढे उचलून ‘ई’ म्हटलं की पहिला अनुनाद 300च्या आसपास उतरतो आणि दुसरा 2000च्या वर चढतो. सूर तोच, स्वर मात्र बदलला! स्वीडनचे ध्वनिशास्त्रज्ञ गुन्नार फँट यांनी 1960च्या पुस्तकात हेच नीट मांडलं, तेही एक्स-रेवरून तोंडाची मापं काढून.

संगणकात ही नळी लहान लहान तुकड्यांत कापतात. रुंदी जिथे बदलते त्या सांध्यावर लहरीचा काही भाग पुढे जातो, काही मागे फिरतो. केली आणि लॉकबाम या संशोधकांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत 1962च्या सुमारास याच रीतीने संगणकाला बोलतं केलं. स्वरतंतूंसाठी इशिझाका आणि फ्लॅनगन यांचं 1972चं मॉडेल आहे: प्रत्येक तंतू म्हणजे स्प्रिंगने जोडलेली दोन वस्तुमानं.

स्वर जमतात हो, घाम फोडतात ती व्यंजनं. ‘घ’ सुटताना स्वरतंतू किंचित फाकलेले असतात, तरी कंपत राहतात आणि फटीतून हवा निसटते. फट कमी पडली की ‘घर’चं ‘गर’ होतं. जास्त झाली की कंपनच थांबतं, उरते नुसती फुसफुस. ‘म’, ‘न’साठी नाकाची फांदी जोडावी लागते. आणि ‘ळ’! आमच्या वर्गात कन्नड, तेलुगू घरची पोरं बरीच, त्यांच्याही भाषेत तो आहे, त्यामुळे ‘ल’ झालेला ‘ळ’ ती लगेच पकडतात. पण जीभ मागे वळून हवा तिच्या बाजूंनी जाते, तिथे एका सरळ नळीचा हिशोब पुरत नाही.

बातम्या वाचून दाखवणारा गोड आवाज हवा असेल तर या वाटेला जाऊ नका, न्यूरल नेटवर्कवाले त्यात कधीच पुढे गेलेत. बोलणं घडतं कसं हे बघायचं असेल तर पीटर बिर्कहोल्झ यांचं ‘व्होकलट्रॅक्टलॅब’ हे घशाच्या मॉडेलचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, साधा लॅपटॉप पुरतो. आधी ‘आ’ आणि ‘ई’ वेगळे ऐकू येऊ द्या, ‘घ’ मग बघू.