वडिलांची बंदूक अजून वस्तीवरच आहे?

भीमेकाठी बारा एकर ऊस, वस्तीवर आई आणि एक सालगडी. पत्र लिहिणारे वाचक नोकरीमुळे जुळे सोलापुरात राहतात. वडील डिसेंबर २०२३ मध्ये चौऱ्याहत्तराव्या वर्षी गेले. त्यांच्या नावावर बारा बोरची दुनळी बंदूक होती आणि परवान्याची मुदत २०२६ अखेरपर्यंत आहे. वाचकांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. परवाना माझ्या नावावर कसा करायचा? तोवर बंदूक वस्तीवर राहिली तर चालेल का? रात्रीच्या चोऱ्या वाढल्या आहेत, प्रसंग आला तर ती वापरता येईल का?

अशी पत्रं मला अक्कलकोट, बार्शी, करमाळा, सगळीकडून येतात आणि प्रत्येकात पहिला प्रश्न परवान्याचाच असतो. मी तो शेवटी घेणार आहे, कारण तुमचं काय होणार हे परवान्यावर ठरत नाही. ते ठरतं वडील गेल्यापासून आजपर्यंत बंदूक कुठे होती यावर.

परवान्यावर २०२६ लिहिलंय म्हणून तुम्ही निर्धास्त आहात. ती मुदत वडिलांसाठी होती. परवाना माणसाला मिळतो, बंदुकीला नाही, आणि माणसाबरोबरच तो संपतो. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम २१ वाचा. परवान्याची मुदत संपल्यामुळे, परवाना रद्द झाल्यामुळे किंवा ‘कोणत्याही कारणाने’ शस्त्र बाळगणं बेकायदा झालं, तर ते अनावश्यक विलंब न करता जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. सगळी मेख ‘अनावश्यक विलंब’ या दोन शब्दांत आहे. घरात दुःख आहे, तेराव्यापर्यंतचे दिवस कोणी मोजत बसत नाही. महिना-दोन महिन्यांचंही कारण सांगता येतं. पण वर्षं उलटल्यावर काय सांगणार?

राग येतो तो इथे. सातबाऱ्यावर वारसनोंद तुम्ही दोन महिन्यांत करून घेतली, असं तुमच्याच पत्रात आहे. बँकेतली ठेव आईच्या नावावर झाली, ट्रॅक्टरची कागदपत्रं बदलली. मग ज्या एका वस्तूपायी तुरुंगात जावं लागू शकतं तीच कपाटात कशी राहिली? विनापरवाना बंदूक किंवा काडतुसं बाळगल्याबद्दल कलम २५ (१ब)(अ) लागतं. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची किमान शिक्षा दोन वर्षं आणि कमाल पाच वर्षं आहे, दंड वेगळा. यात ‘वडिलांची आठवण’ असा अपवाद नाही.

तुम्ही लिहिता, ‘मी शहरात असतो, बंदूक वस्तीवर असते, म्हणजे ताबा माझा नाही.’ हा बचाव कृपा करून कोणापुढे मांडू नका. शस्त्र हातातच असलं पाहिजे असं नाही, त्यावर जाणीवपूर्वक नियंत्रण असलं तरी ताबा होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल खटल्यात सांगितलं आहे. कपाटाची किल्ली तुमच्या गाडीच्या किल्लीबरोबर असते, हेही तुम्हीच लिहिलंय. शिवाय हा बचाव ताणला तर बोट आईकडे आणि सालगड्याकडे वळेल. ते तुम्हाला हवंय का?

आता निवडणुकीच्या पावतीबद्दल. निवडणुकीआधी परवान्याच्या बंदुका जमा करायला सांगतात, तसा २०२४ च्या लोकसभेला ठाण्यातून निरोप आला, तुम्ही बंदूक नेऊन दिली आणि निकालानंतर परत आणली. पावतीवर नाव वडिलांचं, सही तुमची. ती पावती आधी शोधा. तिच्यामुळे तुम्ही बंदूक लपवली नव्हती, बोलावल्यावर नेऊन दिली, हे दिसतं. पण वडील हयात नाहीत हे माहीत असून तुम्ही ती परत घरी नेली, हेही तोच कागद सांगतो. ठाण्यातही कुणी विचारलं नाही, ही त्यांची चूक. तिने तुमची चूक धुऊन निघत नाही. ती पावती दाखवायची की नाही, कशी दाखवायची, हे तुमच्या वकिलाने ती पाहून ठरवावं. मी ती न पाहता सांगणार नाही.

जमा करताना बंदूक स्वतः गाडीत घालून निघू नका. वाटेत नाकाबंदीत डिकी उघडली गेली तर ‘जमाच करायला निघालो होतो’ यावर कोण विश्वास ठेवेल? आधी ग्रामीण हद्दीतल्या जवळच्या ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या. मृत्यूचा दाखला आणि परवान्याची प्रत जोडा, वस्तीवर येऊन बंदूक ताब्यात घ्यावी अशी विनंती करा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पावतीत बंदुकीचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. जुन्या डब्यातली, गंज चढलेली काडतुसंसुद्धा मोजा, कायद्यात त्यांची गणना दारूगोळ्यातच होते.

गुन्हा दाखल होईल का? खात्रीने सांगता येणार नाही. पण कलम ३ च्या (परवान्याशिवाय बंदूक बाळगायला मनाई) उल्लंघनाचा खटला जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या, पूर्वमंजुरीशिवाय चालत नाही, असं कलम ३९ सांगतं. त्या फाइलमध्ये तुम्ही आपणहून जमा केल्याची पावती असणं आणि छाप्याचा पंचनामा असणं यात फार अंतर आहे. खटला उभा राहिलाच तर तारखांवर तारखा पडतात, आणि निर्दोष सुटणाऱ्यालाही पोलिस पडताळणी, पासपोर्ट, बढती यांत वर्षानुवर्षं उत्तरं देत बसावं लागतं.

राहिला परवाना. शस्त्र नियम २०१६ च्या नियम २५ प्रमाणे मृत परवानाधारकाच्या वारसाला परवाना देता येतो. ‘देता येतो’ म्हणजे मिळेलच असं नाही. पोलिस अहवाल स्वच्छ लागतो, तुमच्यावर एखादा गुन्हा असेल तर तो आत्ताच वकिलाला सांगा. बाकीच्या वारसांची, म्हणजे आई आणि बहिणीची, लेखी संमती घ्या, शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र घ्या. ते प्रशिक्षण मान्यताप्राप्त प्रशिक्षकाकडे, त्यांच्या शस्त्रावर. वडिलांच्या बंदुकीवर सराव नको. अर्ज शहर पोलिस आयुक्तांकडे की जिल्हाधिकाऱ्यांकडे, हे तुमचं कायमचं वास्तव्य कागदोपत्री कुठे दिसतं त्यावर अवलंबून राहील. परवाना नकोच असेल तर जमा केलेली बंदूक ती बाळगायचा हक्क असलेल्या व्यक्तीला विकताही येते, मात्र त्यासाठी नियमात दिलेली मुदत चुकवली तर ती सरकारजमा होते.

ज्यांचे वडील हयात आहेत त्यांनी याच नियमाचा दुसरा भाग पाहावा. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याने बंदूक पंचवीस वर्षं बाळगली की त्याला हयातीतच वारसाचं नाव देता येतं. तुमच्या वडिलांना ती संधी चार वर्षं होती.

चोर आले तर? भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा अधिकार आहे, रात्रीच्या घरफोडीसाठी तर बराच व्यापक आहे. पण तो गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा अधिकार नाही आणि त्याने विनापरवाना बंदूक बाळगणं माफ होत नाही. आईला वस्तीवर एकटी वाटत असेल तर दाराला आतून आडणा, अंगणात रात्रभर दिवा आणि फोनमध्ये ११२ हे आजच करता येईल. गावात ग्राम सुरक्षा यंत्रणा (एका फोनवर सगळ्या गावाला सावध करणारी सोय) चालू असेल तर त्यात आईचा आणि सालगड्याचा नंबर नोंदवा. कपाटाची किल्ली मात्र ठाण्याची माणसं वस्तीवर येईपर्यंत तुमच्याचकडे ठेवा, आणि त्यांनी बंदूक हातात घेतली की पावतीवरचा क्रमांक नळीवरच्या क्रमांकाशी ताडून मगच सही करा.