पावसहून रत्नागिरीला ये-जा करताना सीईटी-जेईईचं वेळापत्रक कसं आखू?

बारावी आणि रोजची एसटी सांभाळून कॉलेजच्या दिवशी साडेचार तासच धरा: पहाटे 5 ते 6:30 गणित, संध्याकाळी 6:30 ते 9:30 फिजिक्स-केमिस्ट्री. गणित पहाटे अशासाठी, की एमएचटी-सीईटीच्या 200 पैकी 100 गुण एकट्या गणिताचे, आणि 50 प्रश्नांना 90 मिनिटंच. ताज्या डोक्याने रोज हात फिरला नाही तर तो वेग येत नाही. मी सीईटीला गणित शिकवतो, मुलं अडतात ती इथेच. एसटीत इनऑरगॅनिक केमिस्ट्री वाचा, गणितं नकोत (त्या वळणांवर वहीत आकडा सरळ उमटेल तर शपथ!). रविवारी 3 तासांचा एक पूर्ण पेपर, आणि तेवढाच वेळ चुका तपासायला. पावसाळ्यात संध्याकाळी वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा व्हिडिओ लेक्चर आदल्या दिवशीच डाउनलोड करून ठेवा. मात्र हे सगळं सीईटी हीच मुख्य परीक्षा धरून आहे. जेईई मेनला चुकीच्या उत्तराला 1 गुण कापतात, सीईटीला कापत नाहीत. म्हणून जानेवारीचं सत्र देणार असाल तर नोव्हेंबरपासून रविवारचा पेपर जेईईचाच सोडवा.