गाईडला नेमकं काय विचारायचं?

सिव्हिल इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्स करणारी मुलंमुली माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा कुणाचा विषय स्ट्रक्चर असतो, कुणाचा जिओटेक म्हणजे माती आणि पाया, कुणाचा ट्रान्सपोर्ट. गाऱ्हाणं मात्र एकच. ‘गाईड काही सांगत नाहीत, नियम कुणालाच धड माहीत नाहीत आणि दिवस संपत चाललेत.’ हे इतक्यांदा ऐकलं आहे, की त्यावर सविस्तर लिहायलाच हवं असं वाटलं. त्यासाठी एका मुलीची गोष्ट सांगते. तिची ओळख पटेल असं सगळं बदललं आहे आणि कित्येक भेटींमधलं मोजकंच इथे घेतलं आहे.

तिच्या थिसिसचा विषय काँक्रीटचा होता. सिमेंटचा काही हिस्सा काढून त्या जागी फ्लाय ॲश, म्हणजे कोळसा जाळल्यावर उरणारी बारीक राख, घालायची आणि ताकद कशी वाढत जाते ते पाहायचं. पहिल्या भेटीत मात्र काँक्रीटचं नावही निघालं नाही.

“मॅडम, सरांच्या मते मी या कोर्सच्या लायकीची नाहीये.”

“असं म्हणाले ते?”

“म्हणाले नाहीत. पण माझ्या मेलला उत्तरच देत नाहीत.”

मी मेल वाचायला मागितला. भला मोठा होता. विषयाची पार्श्वभूमी, वाचलेले पेपर, आलेल्या अडचणी, आणि शेवटी ‘कृपया मार्गदर्शन करावे’.

“यात सरांनी कशाला हो किंवा नाही म्हणायचं आहे?” मी विचारलं.

तिने मेल पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. “कशालाच नाही,” ती म्हणाली आणि थोडी ओशाळली.

त्या दिवशी मी पुढे गेले नाही. कारण तिच्या डोक्यात गाईडच्या जोडीला दुसरंही एक ओझं होतं, क्रेडिट्सचं. परदेशात शिकणाऱ्या मैत्रिणीला १२० क्रेडिट्स होती, दुसऱ्या एकाला ३०, आणि हिला वाटत होतं आपण कुठेतरी कमी पडणार. ही तुलनाच चुकीची आहे. युरोपातली क्रेडिट्स वर्षाला ६० अशी मोजतात आणि त्यातलं एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. अमेरिकेतलं क्रेडिट आठवड्याच्या तासिकांवर बेतलेलं असतं. दोन वेगळ्या मापांचे आकडे शेजारी ठेवून धास्ती घेण्यात अर्थ नाही.

पुढच्या वेळी मी तिला नियमपुस्तिका आणायला सांगितली. ज्या वर्षी प्रवेश घेतला त्या वर्षीची. साधारणपणे तेच नियम आपल्याला लागू असतात, सिनियरने सांगितलेले नव्हे. आम्ही दोघींनी ती ओळीओळीने वाचली. अनिवार्य विषय किती, इलेक्टिव्ह म्हणजे आपल्या निवडीचे किती, त्यातले दुसऱ्या विभागातून किती घेता येतात, ग्रेडची किमान अट काय, थिसिसच्या समितीत कोण. सगळं एका पानावर मावलं. पेपर छापून आल्याशिवाय थिसिस घेत नाहीत, असं तिला सगळ्यांनी सांगितलं होतं. काही ठिकाणी तशी अट असते. तिच्या पुस्तिकेत ती कुठेच नव्हती. कितीतरी रात्री या नसलेल्या अटीने खाल्ल्या होत्या.

आता त्या भेटीबद्दल, जिच्यामुळे ही केस माझ्या मनात राहिली.

थिसिसचं सेमिस्टर सुरू व्हायला आठवडा उरला होता. ती येऊन बसली आणि पुन्हा सरांविषयी बोलू लागली. मी म्हटलं, “सरांना जरा बाजूला ठेवू. मला काँक्रीटमधलं काही कळत नाही. तू लॅबमध्ये काय करणार आहेस ते मला समजेल असं सांग.”

ती सांगू लागली आणि तिचा आवाजच बदलला. सिमेंट आणि पाण्याच्या अभिक्रियेतून चुना सुटतो, त्या चुन्याशी फ्लाय ॲशची पुढची अभिक्रिया होते, म्हणून फ्लाय ॲशची ताकद सावकाश येते. २८ दिवसांना हे काँक्रीट मागे दिसतं, पुढे भरपाई करतं. म्हणून ९० दिवसांचं रीडिंग म्हणजे तिच्या थिसिसचा प्राण.

“चाचणीचे ठोकळे, म्हणजे तुमचे क्यूब, किती ओतायचे?”

“पाच मिक्स. फ्लाय ॲश ०, १०, २०, ३० आणि ४० टक्के. प्रत्येकाचे ७, २८ आणि ९० दिवसांना तीन-तीन क्यूब. पंचेचाळीस.” मग स्वतःहूनच म्हणाली, “१५० मिलिमीटरचा एक क्यूब आठ किलोचा. म्हणजे साडेतीनशे किलोच्या वर. साचे नऊच आहेत, दुसऱ्या दिवशी सोडवल्याशिवाय पुढचा मिक्स नाही.”

“आणि ९० दिवस म्हणजे किती आठवडे?”

“जवळजवळ तेरा.”

“सेमिस्टर?”

“सोळा.”

मी कागद तिच्याकडे सरकवला. सोळाव्या आठवड्यापासून ती मागे मोजत आली. शेवटचे आलेख आणि समारोप लिहायला एक आठवडा, त्याआधी तेरा आठवडे. शेवटचा क्यूब दुसऱ्या आठवड्यातच ओतायला हवा होता. पाच मिक्स म्हणजे पाच कास्टिंग, लॅबमध्ये इतरांचंही काम, एखादा मिक्स बिघडलाच तर पुन्हा.

बराच वेळ ती कागदाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “मॅडम, मी बरोबर करतेय का, हे मला सरांना विचारायचंच नाहीये. पाच मिक्स घ्यायचे की तीन, एवढंच विचारायचंय.”

मी इतकी वर्षं हे काम करते आहे, आणि या वाक्याची वाट पाहणं हाच त्यातला मोठा भाग आहे असं मला वाटतं. ते तिच्या तोंडून आलं, मी तिच्या तोंडी घातलं नाही, याचं मला मनापासून समाधान आहे. मी सल्ला देऊन टाकला असता, तर तिने तो पाळला असता आणि पुढच्या अडचणीला पुन्हा माझ्या दारात उभी राहिली असती.

मेल तिने तिथेच लिहिला. चार ओळी. वेळ मोजून पाहिला, पाच मिक्सना पुरत नाही. पर्याय दोन, मिक्स तीन करणं किंवा ९० ऐवजी ५६ दिवसांवर थांबणं. मला पहिला योग्य वाटतो. सोमवारी साहित्य मागवायचं आहे. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘तीन घे. ९० सोडू नकोस.’

ती पुढच्या वेळी आली ती रुसून. “एवढंच लिहिलं त्यांनी. छान विचार केलास, असंही नाही.”

खरं काम इथे सुरू झालं. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांच्या वाटेने काम करते. घटना आणि मनस्ताप यांच्या मध्ये आपण लावलेला अर्थ असतो, हे त्यांनी १९५५ च्या सुमारास उपचारपद्धती म्हणून मांडायला सुरुवात केली. मी तिला विचारलं, “सरांनी कौतुक करावं, ही तुझी इच्छा आहे की अट?”

“अट कशी असेल?”

“नाही केलं तर काय होतं?”

“मग… मग मी चुकीच्या जागी आलेय असं वाटतं.”

“मिक्स तीन झाले, साहित्य मागवलं गेलं. कौतुक नसताना यातलं काय अडलं?”

कौतुकाची इच्छा तिने खुशाल ठेवावी, त्यात गैर काही नाही. ती पुरी झाल्याशिवाय साचेच भरायचे नाहीत, असं झालं की माणूस अडकतो. गाईडकडून आपल्याला तांत्रिक निर्णय हवा असतो. आपल्या लायकीचा निकाल त्यांच्याकडे मागायला गेलो, की त्यांचं मौनसुद्धा शिक्षा वाटू लागतं. हे तिला पटायला आणखी बऱ्याच भेटी लागल्या. दरम्यान २७ क्यूब ओतून झाले होते.

तुमचा विषय काँक्रीट नसेल, तरी वेळेच्या हिशेबातून तुमचीही सुटका नाही. चिकणमाती वजनाखाली किती दबते ते पाहणाऱ्या कन्सॉलिडेशन टेस्टमध्ये एकेक लोड सहसा २४ तास ठेवावा लागतो, त्यामुळे एकाच नमुन्याला आठवडा सहज जातो. ट्रॅफिक मोजणाऱ्यांना सुट्टीचे दिवस चालत नाहीत. जलविज्ञानवाल्यांना ऋतू थांबवून धरता येत नाही. कॉम्प्युटरवर मॉडेल करणाऱ्यांना वाटतं आपल्याला थांबायचं नाही, पण मॉडेल पडताळायला कुणाच्या तरी प्रयोगाचे आकडे लागतात आणि ते मिळवण्यात महिना जातो. हा हिशेब आधी करा. गाईडला विचारायचे प्रश्न त्यातूनच निघतात.

प्रश्न योग्य माणसाकडेही जायला हवा. क्रेडिट्स, मुदती, इलेक्टिव्हची मान्यता हे कोर्स कोऑर्डिनेटरचं काम. पुष्कळ गाईडना नियम तोंडपाठ नसतात, आणि तोंडी मिळालेली परवानगी ऐन वेळी कामाला येत नाही, ती लेखी घ्या. साचे, टाकी आणि टेस्टिंग मशीनची वेळ लॅबमधल्या सहायकांना विचारा, तिथे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. गाईडशी भेट झाली, की काय ठरलं ते त्याच दिवशी तीन ओळींत त्यांना कळवा.

दुसऱ्या शाखेतून आलेल्यांनी एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात पाहावी. स्ट्रक्चरल ॲनालिसिस, सॉइल मेकॅनिक्ससारखे पूर्वतयारीचे विषय घ्यावे लागले, तर ते बरेचदा पदवीच्या क्रेडिट्समध्ये धरले जात नाहीत.

थिसिस की केवळ कोर्सवर्क, हा पर्याय असेल तिथे गाईडच्या भीतीपोटी कोर्सवर्क घेऊ नका. पुढे पीएचडी करायची असेल तर थिसिस उपयोगी पडतो. डिझाइन ऑफिसमध्ये जायचं असेल तर चांगले इलेक्टिव्ह त्याहून मोलाचे ठरू शकतात.

आणि प्रत्येक वेळी दोष आपल्या विचारांत असतो असं नाही, हेही मला ठामपणे सांगायचं आहे. नेमके प्रश्न लेखी विचारूनही महिनोन्महिने उत्तर नाही, चारचौघांत अपमान होतो, तुमचं काम दुसऱ्याच्या नावावर जातं, तर सोसत बसू नका. मेलची सगळी नोंद घेऊन कोऑर्डिनेटरकडे जा. गाईड बदलायचा असेल तर प्रयोग सुरू व्हायच्या आधी बदला. डेटा हातात आल्यावर तो कुणाचा, यावरून वाद होतात. नव्या गाईडकडे जाण्याआधी त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना भेटा आणि विचारा, सर मसुदा वाचून किती दिवसांत परत देतात.