फिजिक्सच्या वहीतले कान

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी नीटच्या तिसऱ्या अटेम्प्टला नाही म्हणते, बायबलमधल्या प्रसंगांची जुनी निनावी ड्रॉइंग्ज कुणी काढली ते शोधायचं शिकायचंय म्हणते, आणि पुरावा म्हणून तुम्ही तिच्या फिजिक्सच्या वहीचे फोटो पाठवलेत, मागच्या पानांवर नुसते कान आणि बोटं. खरं सांगू, मला टेन्शन तिच्या मार्कांचं नाही आलं, ती वही तुम्ही कपाटात कुलूप लावून ठेवलीय त्याचं आलं. वीस वर्षांची आहे हो ती! अख्ख्या पत्रात 'आम्ही ठरवलंय' चारदा, आणि तिचं म्हणणं एका ओळीत, तेही चेष्टेनं.

तुम्ही म्हणता सहीच नाही तर कोण सांगणार, सगळा अंदाजपंचे कारभार. अजिबात नाही. एकोणिसाव्या शतकात इटलीत मोरेल्ली नावाचा गृहस्थ होता, तो म्हणायचा चेहरा, पोझ कुणीही उचलेल पण कानाची पाळी नि नखं चित्रकार हाताच्या सवयीनं काढून जातो, तिथे तो सापडतो. (शिकलेला मेडिकल, पण म्हणून 'आधी एमबीबीएस कर' सुरू करू नका.) लिओनार्दो डावखुरा, त्याच्या शेडिंगच्या रेघा वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरतात. शिवाय कागद, शाई, वॉटरमार्क, आधीचे मालक कोण, सगळं तपासतात. फ्लॉरेन्सच्या ब्रांकाची चॅपेलमध्ये मसाच्चोनं सेंट पीटर बाप्तिस्मा देतोय असं भित्तिचित्र काढलंय, त्यातल्या थंडीनं कुडकुडणाऱ्या उघड्या माणसावरून केलेलं एक ड्रॉइंग पॅरिसमध्ये 1907 साली मायकेलअँजेलोच्या स्कूलचं, म्हणजे त्याच्या शिष्य-अनुयायांपैकी कुणाचं तरी, म्हणून विकलं गेलं. 2019 मध्ये फुरिओ रिनाल्दी या तज्ज्ञानं हात खुद्द मायकेलअँजेलोचा म्हणून ओळखला, 2022 मध्ये ते 2 कोटी 30 लाख युरोंच्या वर गेलं. पैसे ओळखणाऱ्याला मिळत नाहीत, हे मात्र तिला सांगा.

आणि हेही सांगा की नुसत्या यावर पोट भरणारी माणसं जगात मोजकी आहेत. बडोद्याला आर्ट हिस्टरी आहे, पुढे बाहेर मास्टर्स, इटालियन आत्तापासून. मला विचाराल तर तिची केमिस्ट्री बघता कागद-शाईचं कॉन्झर्वेशन, म्हणजे जुनी ड्रॉइंग्ज जपणं-दुरुस्त करणं, जास्त जमेल, पण हे मी तिच्याशी बोलेन, तुमच्याशी नाही. तोवर एका रविवारी तिला मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात न्या, टाटांच्या संग्रहातली युरोपियन पेंटिंग्ज आहेत तिथे, आणि तिनं एकाच चित्रासमोर अर्धा तास काढला तर घड्याळ बघू नका.

वही आज परत द्या. पुढचं पत्र तिला लिहू दे, तिसऱ्या फोटोतला तो दुमडलेला कान कुठल्या ड्रॉइंगमधला आहे ते मला विचारायचंय.